अश्वशर्यतींतील उत्तेजकबंदी आणि प्रशिक्षकाचे उत्तरदायित्व : एक चिकित्सा

अश्वशर्यतीच्या नियमावलीत उत्तेजक द्रव्यांविषयीची कलमे जितक्या कठोर भाषेत लिहिलेली असतात, तितकी क्वचितच दुसरी कलमे असतील. शर्यतीच्या दिवशी घोड्याच्या शरीरात निषिद्ध द्रव्याचा अंश आढळला, तर त्याचे उत्तरदायित्व परवानाधारक प्रशिक्षकावर येते. ते द्रव्य त्याने स्वतः दिले की तबेल्यातील अन्य कोणी, हा प्रश्न प्रथमदर्शनी गौण ठरतो. प्रस्तुत लेखात या कलमांच्या शब्दांपेक्षा कलम आणि शिक्षा यांमधील अंतराचा विचार केला आहे. नियम कडक आणि अंमल सैल, ही तक्रार जगातील बहुतेक घोडदौड-मैदानांवर ऐकू येते. तिची कारणे व्यक्तींच्या दुर्बलतेत शोधण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ती व्यवस्थेच्या रचनेत आहेत.

हे उत्तरदायित्व प्रशिक्षकावरच का, याचे उत्तर कुस्तीशी तुलना केल्यास स्पष्ट होते. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या नरसिंग यादव यांच्या नमुन्यांत 2016 साली मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड आढळले. अन्नात कोणीतरी भेसळ केली, हा त्यांचा बचाव राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने मान्य केला. परंतु क्रीडा लवादाने 18 ऑगस्ट 2016 रोजी तो फेटाळून त्यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली. या निर्णयाच्या न्याय्यतेविषयी मतभेद असू शकतात, मात्र त्यामागील तत्त्व स्वच्छ आहे. आपल्या शरीरात काय जाते याची जबाबदारी मल्लाची, कारण तो विचारू शकतो, नाकारू शकतो. घोड्याला यातले काहीच करता येत नाही. त्याचा चारा, त्याचे औषध, त्याची विश्रांती यांवर ज्याचा ताबा, तोच एकमेव जाब देण्याजोगा माणूस उरतो. तेव्हा प्रशिक्षकाला दिलेली सवलत ही नियमाला एखादा अपवाद करणे नव्हे. तो नियमच रद्द करणे होय.

या नियमाला भारतात एक विशेष महत्त्व आहे, आणि त्याची चर्चा आश्चर्यकारकरीत्या कमी होते. डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. घोड्याचे वंशगुण, त्याला मिळालेले प्रशिक्षण, जॉकीचे कसब आणि या सर्वांचा अभ्यास करून पैसे लावणाऱ्याची पारख, असा न्यायालयाच्या युक्तिवादाचा क्रम होता. घोडदौडीवरील पैज जुगारापासून वेगळी काढली गेली ती या पारखेच्या आधारावर. आता त्याच युक्तिवादात गुपचूप दिलेले एखादे औषध घालून पाहावे. घोड्याच्या मागील कामगिरीची नोंद त्या दिवशीच्या घोड्याविषयी काहीच सांगत नाही. अभ्यास करणारा आणि डोळे मिटून आकडा सांगणारा एकाच पातळीवर येतात. म्हणजे उत्तेजकबंदी हा क्लबचा शिष्टाचार नसून शर्यतीच्या कायदेशीर अस्तित्वाचा पाया आहे. तो ढिला पडला तर 1996 च्या निर्णयाचे गृहीतकच डळमळते.

अंमलबजावणीच्या शैथिल्याचे पहिले आश्रयस्थान शास्त्रीय संदिग्धता हे आहे. प्रोकेनचे उदाहरण बोलके आहे. ते वेदना बधिर करणारे द्रव्य. पण पेनिसिलिनच्या एका प्रचलित इंजेक्शनातही ते असते आणि घोड्याच्या शरीरातून निघून जाण्यास बरेच दिवस लागतात. त्यामुळे दुखरा पाय बधिर करून घोडा पळवणारा आणि जखमेवर प्रामाणिक उपचार करणारा, या दोघांच्या नमुन्यांत एकच नाव येते. खाण्याच्या सोड्याचे असेच. शर्यतीपूर्वी नाकातून नळी घालून त्याचे द्रावण पोटात सोडले की स्नायूंचा थकवा लांबतो, अशी समजूत आहे. म्हणून रक्तद्रवातील एकूण कार्बन डायऑक्साइडची आंतरराष्ट्रीय मर्यादा लिटरमागे 36 मिलिमोल ठरवण्यात आली. मर्यादा असली की मर्यादेच्या जरा खाली राहण्याची कलाही येते. शिवाय चाऱ्यातील भेसळ, मोतद्दाराची चूक, मलमाचा अंश ही उत्तरे तयार असतात. त्यांतील काही खरी असतात, हीच अडचण आहे. तरीही कठोर उत्तरदायित्वाचा नियम नेमका याच अडचणीसाठी केलेला आहे. हेतू सिद्ध करण्याचे ओझे चौकशीवर पुन्हा लादणे म्हणजे नियम मागील दाराने बाहेर काढणे.

दुसरे आश्रयस्थान अधिक गंभीर आहे. मुंबई इलाख्यातील 1912 च्या शर्यत-मैदान परवाना कायद्यानुसार मैदानाला परवाना शासन देते. मैदानाच्या आतील न्याय मात्र क्लबच्या हाती असतो. महालक्ष्मी आणि पुणे येथील शर्यती चालवणारा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब असो वा अन्य कोणता, सर्वत्र साचा सारखाच आहे. प्रशिक्षकाला परवाना देणारा, शर्यत भरवणारा, पैजांतून उत्पन्न मिळवणारा आणि चौकशी करणारा एकच. पगारी स्टिवर्ड असतात, अपिलाची सोयही असते; पण निवडून आलेल्या समित्यांतील सभासद स्वतः घोड्यांचे मालक असू शकतात आणि ते घोडे कोणत्या ना कोणत्या प्रशिक्षकाच्या तबेल्यात बांधलेले असतात. यात कोणाच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. हितसंबंधांची अशी गुंफण असताना सचोट माणसालाही आपला निर्णय निःपक्षपाती असल्याचे दाखवून देता येत नाही, एवढाच मुद्दा. 2017 साली बंगळूर येथे क्वीन लतीफा या घोडीच्या नमुन्यात प्रोकेन आढळल्यानंतर प्रकरण क्लबच्या चौकटीत मावले नाही, ते पोलीस तपासापर्यंत गेले. प्रकरणातील दोषादोष हा येथे विषय नाही. अंतर्गत न्यायावरील विश्वास संपला की काय घडते, एवढेच त्यातून दिसते.

परदेशातील दोन उदाहरणे शेजारी ठेवण्याजोगी आहेत. इंग्लंडमध्ये गोडॉल्फिन या बलाढ्य तबेल्याचे प्रशिक्षक महमूद अल झरूनी यांच्या घोड्यांत स्टेरॉइड आढळल्याचे 22 एप्रिल 2013 रोजी जाहीर झाले आणि 25 एप्रिलला त्यांच्यावर आठ वर्षांची बंदी आली. तेथील नियामक संस्था मैदानांच्या मालकीपासून वेगळी आहे, हे विसरता येत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा असल्याने रिक डट्रो यांच्यासारखा प्रशिक्षक अनेक राज्यांत अनेकदा दोषी ठरूनही वर्षानुवर्षे काम करीत राहिला. न्यूयॉर्कने दहा वर्षांची बंदी घातली ती 2011 मध्ये, आणि अपिले संपून ती लागू होईपर्यंत 2013 उजाडले. 2021 च्या केंटकी डर्बीत प्रथम आलेल्या मेडिना स्पिरिटच्या नमुन्यात बीटामेथासोन निघाले. त्याला अपात्र ठरवण्यास फेब्रुवारी 2022 उजाडला, आणि घोडा त्याआधीच, डिसेंबरात, मरण पावला होता. प्रशिक्षक बॉब बॅफर्ट यांना केंटकीत मिळालेली शिक्षा 90 दिवसांचे निलंबन आणि साडेसात हजार डॉलर दंड अशी होती. दुसऱ्या क्रमांकाच्या घोड्यावर पैसे लावणाऱ्यांना मात्र काहीच मिळाले नाही, कारण निकाल अधिकृत होऊन पैसे वाटले गेले की नंतरच्या अपात्रतेचा पैजेवर परिणाम होत नाही. बक्षीस मालकाकडून परत घेता येते. पैज लावणाऱ्याची फसवणूक कायमच राहते. राष्ट्रव्यापी उत्तेजकविरोधी कार्यक्रम तेथे मे 2023 मध्ये सुरू झाला.

भारतात क्लबबाहेरचा कायदा या पोकळीत उभा राहू शकला असता. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 11 मध्ये जनावराला हेतुपुरस्सर अपायकारक औषध देणे हा गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये! लाखोंच्या बक्षिसासमोर या रकमेवर अधिक भाष्य नको.

घोड्यांपुरतीच ही चर्चा मर्यादित ठेवणे मुळशीसारख्या तालुक्यात शक्य नाही. चांदणी चौकातून पौडकडे जाताना भूगावनंतर भुकूम लागते. या पट्ट्यात तालमींइतकाच बैलगाडा जिव्हाळ्याचा. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बंद केलेल्या शर्यतींना महाराष्ट्राने 2017 च्या दुरुस्तीने वाट काढून दिली, डिसेंबर 2021 मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. ही परवानगी सशर्त आहे, आणि बैलाला इजा वा यातना होऊ नयेत हा त्या शर्तींचा गाभा आहे. प्रश्न असा की शर्त मोडल्यास धरायचे कोणाला? टर्फ क्लबात निदान परवानाधारक प्रशिक्षक असतो, त्याचा परवाना काढून घेता येतो. घाटात मालक, बैल जुंपणारे, गाडा हाकणारे, वर्षभर खुराक सांभाळणारे अशी अनेक माणसे असतात. त्यांपैकी कोणाकडेही काढून घेण्याजोगा परवाना नसतो. पशुवैद्यकाची तपासणी मुख्यतः डोळ्यांनी आणि हातांनी होते. रक्ताचा किंवा मूत्राचा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याची नित्य पद्धत नाही. उत्तर पुणे जिल्ह्यात गाड्यापुढे जी घोडी पळते, तिच्याकडे तर कोणाचेच लक्ष नसते. जिल्हाधिकाऱ्यांकडे परवानगीसाठी अर्ज करताना प्रत्येक जोडीमागे एका जबाबदार व्यक्तीचे नाव लिहून घेणे आणि विजेत्या बैलाचा नमुना सीलबंद करून पाठवणे, या दोन गोष्टींना नवा कायदा लागत नाही.