राणीच्या दगडावरची शेवटची ओळ

टाइन नदी उत्तर समुद्राला मिळते तिथे, आजच्या साउथ शील्ड्समध्ये, रोमनांचा आर्बेया किल्ला होता. हेड्रियनच्या भिंतीवरच्या फौजेला रसद इथून जाई. किल्ल्याला लागून पेठ होती. साध्या शिपायाला नोकरीत असेतो कायद्याने लग्न करता येत नसे, म्हणून बायकामुलं, व्यापारी, कारागीर असे सगळे संसार तटाबाहेर. १८७८ साली इथेच दुसऱ्या शतकातला एक थडग्याचा दगड सापडला. मला तो एखाद्या कवितेसारखा वाचावासा वाटतो.

कोनाड्यात वेताच्या खुर्चीवर एक बाई बसली आहे. पायाशी लोकरीच्या गुंड्यांची टोपली, मांडीवर चाती, आणि एक हात दागिन्यांची पेटी उघडतो आहे. गळ्यात पिळाचा हार, मनगटावर तसेच कडे. घरची मालकीण दाखवायची तर आणखी काय हवे? चेहरा मात्र फुटून गेला आहे. त्यामुळे नजर आपोआप तिच्या हातांवर थांबते, आणि पेटीचे ते अर्धवट उघडलेले झाकण विसरता येत नाही.

खाली लॅटिन मजकूर आहे. बाईचे नाव रेजिना, म्हणजे राणी. कातुवेलाउनी जमातीची, म्हणजे लंडनच्या उत्तरेकडची. वय ३०. दगड उभारणारा बाराटेस पार सीरियातल्या पाल्मायराचा. ती त्याची मुक्त केलेली दासी, आणि पत्नी. मजकुरात विभक्ती चुकल्या आहेत. राज्याची भाषा त्याने कामापुरती उचललेली असावी.

त्याखाली आणखी एक ओळ आहे. उजवीकडून डावीकडे जाणारी, पाल्मायराच्या लिपीतली. वरची लॅटिन अक्षरे चाचपडतात. ही ओळ सराईत हाताने सहज वाहत जाते. लॅटिनमध्ये आहेत तसे जमात, वय, गाव असले तपशील इथे नाहीत. रेजिना, बाराटेसची मुक्त दासी, आणि शेवटी 'हाय' या अर्थाचा एक शब्द. बस. त्या थंड किनाऱ्यावर ही लिपी वाचू शकणारे किती जण असतील? लोकांसाठी त्याने लॅटिन कोरले, पण रडला मात्र आईच्या भाषेत. या एका शब्दासाठी मी हा दगड रोमन ब्रिटनमधल्या कितीतरी भव्य शिलालेखांच्या वर ठेवते.

पण इथेच एक गोष्ट टोचते, आणि ती झाकून रसग्रहण करता येणार नाही. लॅटिनमधला 'पत्नी' हा शब्द या जिव्हाळ्याच्या ओळीत नाही; 'मुक्त दासी' तेवढे राहिले आहे. दगडावर त्याच्या दोन भाषा आहेत. जी भाषा बोलत रेजिना मोठी झाली असेल, तिचे एक अक्षरही नाही. त्याचे दुःख खरे आहे आणि तिचे मौनही. दगड दोन्ही एकत्र धरून ठेवतो, म्हणून तो मोठा.

टाइनच्याच काठाने चाळीसेक किलोमीटर वर गेले की कॉर्ब्रिज लागते. तिथे ६८ वर्षांच्या एका पाल्मायराकराचा साधा दगड मिळाला आहे. नावाची सुरुवातीची अक्षरे तुटली आहेत, तरी पुष्कळ अभ्यासक ते बाराटेस असेच वाचतात. तो हाच असेल, असे मलाही वाटते. त्या दगडावर फक्त लॅटिन आहे. खाली पाल्मायराची ओळ नाही.