बंदिवासातील ग्रंथ आणि बंदिवानाचे वाचन

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘तुरुंगात लिहिलेला ग्रंथ’ हे एक मानाचे पद होऊन बसले आहे. ‘गीतारहस्य’, ‘श्यामची आई’, विनोबांची ‘गीता प्रवचने’ यांचा परामर्श घेताना आपले टीकाकार त्यांच्या जन्मस्थानाचा निर्देश आवर्जून करतात, आणि त्यातून पुष्कळदा असे सूचित होते की, बंदिवास हा प्रतिभेला पोषकच असतो. हा समज तपासून पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ग्रंथ कोठे लिहिला गेला याबरोबरच, लिहिणाऱ्याला त्या वेळी काय वाचावयास मिळत होते, हा प्रश्न विचारला म्हणजे चित्र बरेच पालटते.

प्रथम ‘गीतारहस्या’कडे पाहू. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन लोकमान्य टिळक मंडालेस गेले. ग्रंथाचा खर्डा त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहिला, आणि सुटकेनंतर १९१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आता या ग्रंथाचे स्वरूपच असे आहे की, तो केवळ एकांतातून उद्भवणे शक्य नव्हते. भाष्यकारांचे निरनिराळे संप्रदाय, मीमांसा, सांख्य, आणि त्यांच्याशेजारी कांट, ग्रीन, मिल, स्पेन्सर यांची मते घेऊन लेखक पदोपदी खंडनमंडन करीत जातो. पुण्याहून मागविलेली पुस्तके मंडालेस पोहोचू दिली गेली नसती, तर ही तौलनिक बाजू पांगळी राहिली असती, हे उघड आहे. भिंतींनी लेखकाला अवकाश दिला असेल. ग्रंथाला त्याचे द्रव्य पुस्तकांनी दिले.

सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ (१९२७) या आत्मकथनात याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. १९११ साली ते अंदमानात पोहोचले. तेथे कागदपेन्सिलीच्या अभावी कविता भिंतीवर कोरून मुखोद्गत करावी लागली, ही हकीकत सर्वश्रुत आहे व टीकाकारांनी ती पुष्कळ गौरविली आहे. परंतु त्याच पुस्तकात बंदिवानांना पुस्तके मिळावीत, ती त्यांना एकमेकांत फिरविता यावीत, निरक्षरांना अक्षरओळख व्हावी, म्हणून चाललेल्या दीर्घ खटपटीचे वर्णन आहे. वाङ्मयीन दृष्ट्या ही प्रकरणे कमी रोमहर्षक वाटतात; म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले असावे. तथापि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांचेच मोल अधिक आहे. कारण तेथे ग्रंथ ही एका प्रतिभावंताची नव्हे, तर सर्व बंदिवानांची गरज म्हणून मांडली गेली आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, ‘श्यामची आई’ला कोणत्या ग्रंथसंग्रहाची गरज पडली? साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली व ती साने गुरुजींनीच उतरून घेतली. आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु विनोबा शास्त्रग्रंथ अंतःकरणात साठवून आत गेले होते, आणि साने गुरुजी तर व्यासंगी शिक्षकच होते. ज्याने बाहेर असताना वाचलेले आहे, तो आपले ग्रंथालय मस्तकात घेऊन आत जातो. ज्याची शाळाच तुटली, ज्याच्या घरी पंचांगापलीकडे छापील कागद आला नाही, त्या सामान्य बंदिवानाजवळ असे काय असते? थोरांच्या उदाहरणांवरून आपण जो नियम बसवितो, तो नेमका येथे लटका पडतो.

या संदर्भात १९६५ सालच्या एका निवाड्याचे स्मरण उपयुक्त ठरेल. प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी मुंबईत स्थानबद्ध असताना अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्यास शासनाने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ज्याला नियमांत बंदी नाही ते नाकारणे म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच होय, असे न्यायालयाने ठरविले. हा निर्णय लेखकाच्या बाजूचा झाला. वाचकाच्या बाजूचे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या बंदिवानविषयक किमान नियमांत १९५५ पासूनच आहे, आणि २०१५ च्या सुधारित नियमांतही ते कायम आहे: प्रत्येक कारागृहात सर्व वर्गांच्या बंदिवानांसाठी ग्रंथालय असावे, त्यात ज्ञानाची तशीच रंजनाचीही पुस्तके असावीत.

यांतील ‘रंजन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. २०२२ साली तळोजा कारागृहातील एका बंदिवानाला वुडहाउस या विनोदी लेखकाचे पुस्तक सुरक्षेच्या कारणास्तव नाकारल्याची तक्रार मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयालाही तो प्रकार हास्यास्पद वाटला. पुस्तकातून निषिद्ध वस्तू आत जाऊ नये म्हणून पाने चाळून पाहणे समजण्यासारखे आहे. पण तपासणी ही वस्तूची असावी. वाचकाच्या आनंदाची नव्हे.

सांगवीजवळ पवना मुळेला मिळते, आणि पुढे मुठेला घेऊन ते पाणी येरवड्याकडे जाते. १९२२ ते १९२४ या काळात गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात विपुल वाचन केले, हे या परिसरातील वाचकाला बहुधा ठाऊक असते. आज तेथील बंदिवानाला कोणते मराठी पुस्तक हाती मिळते, हा प्रश्न मात्र त्याच्या मनात सहसा येत नाही. हे विस्मरण निरुपद्रवी नाही. बंदिवासातून ग्रंथ आपोआप जन्मतात असे एकदा मानले की, पुस्तक नाकारण्यात काही अन्याय आहे असे वाटेनासे होते. आणि या समजाला आपल्या टीकेने नकळत हातभार लावला आहे.

म्हणून कारागृहीय वाङ्मयाच्या अभ्यासकाने आपली कसोटी थोडी बदलावी, असे सुचवावेसे वाटते. तुरुंगातून किती ग्रंथ बाहेर आले याची गणना झालीच आहे. किती ग्रंथ आत जाऊ शकले, आणि जो कधीच काही लिहिणार नाही अशा वाचकापर्यंत ते पोहोचले काय, याचा शोध घेणे अद्याप बाकी आहे.