खलपुरुषाचे अंतरंग आणि सुरतेचा तह

खलपुरुष रंगविणे सोपे असते. त्याच्या अंतरंगात शिरणे अवघड, आणि न्यायबुद्धी शाबूत ठेवून तेथून परतणे त्याहूनही अवघड. विज्ञानकादंबरीने हे आव्हान आपल्या जन्माबरोबरच पत्करले होते. मेरी शेलीच्या १८१८ मधील ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये निर्मात्याने टाकून दिलेला जीव कथेच्या मध्यभागी आपली कैफियत आपल्याच तोंडाने मांडतो. त्याचे एकाकीपण वाचकाच्या काळजाला भिडते. परंतु त्याने घेतलेला अजाण बालकाचा बळी त्यामुळे पुसला जात नाही. करुणा आणि दोषनिर्णय या दोहोंनी एकाच वेळी मनात नांदावे, हीच या जातीच्या लेखनाची खरी कसोटी होय. मराठी विज्ञानवाङ्मय तीस कितपत उतरते हे पाहू जाता एका पात्राकडे लक्ष वेधते, आणि त्याचा माग काढीत आपण सुरतेस येऊन पोचतो.

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा प्रसिद्धच आहे. तिचे इंग्रजी रूप एन. सी. ई. आर. टी.च्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आल्याने ती अनेक शिक्षकांच्या परिचयाची आहे. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी त्यांना चाटून गेली असती तर इतिहासाने कोणते वळण घेतले असते, हा तिचा विषय. त्या दुसऱ्या जगात मराठे विजयी होतात आणि कंपनी सरकारच्या विस्ताराला आळा बसतो. कारस्थानी दादासाहेब, म्हणजे रघुनाथराव पेशवे, मागे पडतात आणि यथावकाश राजकारणातून निवृत्त होतात. एवढा मोठा खलपुरुष कथेने जवळजवळ एका वाक्यात निकालात काढला आहे. कथानायक इतिहासाचा अभ्यासक असून हा वृत्तान्त तो ग्रंथात वाचतो, तेव्हा हा संक्षेप कथेच्या घाटणीशी सुसंगतच म्हटला पाहिजे. परंतु विज्ञानकादंबरीला जेथून आरंभ करता आला असता, नेमकी तीच ही जागा आहे.

आपल्या जगात या पुरुषाने काय केले ते सर्वांस विदित आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला. ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका त्या प्रसंगाला कायमची चिकटली. पुढे बारभाईंनी हुसकावलेले रघुनाथराव सुरतेस इंग्रजांच्या आश्रयाला आले, आणि ६ मार्च १७७५ रोजी मुंबईकर इंग्रजांशी त्यांचा तह झाला. अडीच हजार फौजेच्या मदतीसाठी त्यांनी साष्टी आणि वसई देऊ केली, सुरत व भडोच येथील महसुलाचा वाटा कबूल केला, आणि रोकड नव्हती म्हणून सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवले. साष्टी तर इंग्रजांनी आधीच बळकावली होती. परंतु वसई त्यांच्याच चुलत्याने, चिमाजी अप्पांनी, १७३९ साली अपार रक्त सांडून जिंकलेली. १७५८ साली लाहोरापर्यंत धडक मारणारा हा सेनानी ती वसई लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशी देऊ करतो. त्या क्षणी त्याच्या मनात काय चालले असेल? लोभ, भय, अपमानाची जुनी सल, की गादी आपल्याच हक्काची आहे ही प्रामाणिक समजूत?

नारळीकरांच्या कथेत इतिहासाचा काटा फिरतो तो एका गोळीपायी. गोळीला हेतू नसतो, म्हणून तिचा मार्ग यदृच्छेवर सोपविता येतो. सुरतेचा काटा मात्र एका माणसाच्या निर्णयाने फिरला, आणि निर्णयाला हेतू असतो. ज्या जगात सुरतेचा तह घडलाच नाही, त्या जगातील दादासाहेब निरपराध म्हणावयाचे, की केवळ संधीला मुकलेले? खलत्व स्वभावात असते की परिस्थितीत, हा प्रश्न नीतिशास्त्रात जुनाच आहे. परंतु एकच मनुष्य दोन जगांत उभा करून त्याची परीक्षा घेण्याचे साधन केवळ विज्ञानकादंबरीपाशी आहे. पात्राला गुपचूप निवृत्त केल्याने ते साधन न वापरताच राहून गेले.

आमच्या ऐतिहासिक वाङ्मयाने अंतरंगाची ही वाट काही अंशी चोखाळली आहे. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने (१९०९) राघोबा आणि आनंदीबाई यांना रंगभूमीवर आणले. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’त (१९६२) राघोबादादा दिसतात ते मुख्यतः माधवरावांच्या व्यथेचे कारण म्हणून, आणि ती कादंबरी १७७२ मध्ये, म्हणजे खून व तह या दोहोंच्या अलीकडेच, थांबते. ना. सं. इनामदारांनी ‘मंत्रावेगळा’त दुसऱ्या बाजीरावाचे आणि ‘शहेनशहा’त औरंगजेबाचे मन उकलून दाखविले. हा बाजीराव १७७५ च्या जानेवारीत, पित्याच्या धावपळीच्या दिवसांत, धार येथे जन्मला. पुत्राला आपला कादंबरीकार लाभला. सुरतेतील पित्याकडे मात्र त्या ताकदीने कोणी वळल्याचे दिसत नाही.

विज्ञानकादंबरीची उणीव निराळी आहे. नारळीकरांच्याच ‘वामन परत न आला’मध्ये यंत्रमानव मानवजातीवर संकट होऊन उभा राहतो, परंतु त्याला आवरावे कसे या प्रश्नापुढे, त्याला आतून काय वाटते हा प्रश्न मागे पडतो. धोका ओळखणे आणि धोकादायक मन ओळखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला बुद्धी पुरते, दुसरीला कल्पनाशक्तीबरोबर धैर्यही लागते.

या वाटेवर एक संकटही आहे. अंतरंगदर्शनाचे वकिलीत रूपांतर व्हावयास वेळ लागत नाही. खलपुरुषाचे बालपण, त्याची उपेक्षा, त्याचे अश्रू दाखविता दाखविता लेखक त्याला दोषमुक्त करून टाकतो, आणि ज्याचा बळी गेला तो पानांआड होतो. सुरतेच्या रघुनाथरावांवर कादंबरी लिहिणाऱ्याने आश्रिताची लाचारी अवश्य दाखवावी. मात्र शनिवारवाड्यातील त्या अजाण पुतण्याला एकाही प्रकरणात विसरू नये. पुढे सालबाईचा तह झाला आणि १७८३ साली कोपरगावी रघुनाथरावांचा अंत झाला. गादी परत मिळाली नाही, कलंक मात्र मिळाला. त्या कलंकाआडचा माणूस समजून घेणे म्हणजे कलंक धुणे नव्हे. हा भेद जो वर्गात विद्यार्थ्यांना पटवून देईल, त्याने साहित्य शिकविलेच, शिवाय इतिहासाकडे पाहण्याची दृष्टीही दिली, असे म्हणावे लागेल.