खापर, धाबं आणि पंगत

वाड्यांवरची आपली पुस्तकं उघडा. सुरूच्या आकाराचे खांब सापडतील, माथ्यावरची केळफुलं सापडतील, तुळईवरची नक्षीसुद्धा. चूल मात्र सापडत नाही. आमची तक्रार इथून सुरू होते.

शनिवारवाडा 1732 चा. त्या शतकात युरोपातल्या श्रीमंत घरांत जेवणाची स्वतंत्र, कायम मांडलेली खोली रुळत होती. आपल्याकडे पाट मांडले, रांगोळी काढली, समया लावल्या की ओसरीचंच जेवणघर व्हायचं. पंगत उठली, शेण फिरवलं, की पुन्हा ओसरी. ती खोली रोज नव्याने उभी राहायची आणि ती उभारणारे हात घरातल्या बायकांचे, नाहीतर आचाऱ्या-वाढप्यांचे. ही सजावट तासाभराची, म्हणून आमच्या कलेतिहासाने ती मोजलीच नाही.

आता शिंदखेड्याकडे या. तालुक्यातलं दोंडाईचा गढीसाठी ओळखीचं, मिरचीच्या बाजारासाठी त्याहून जास्त. फोटो गढीचे निघतात. पण या मुलखाचं नेहमीचं घर धाब्याचं. लाकडी सरे, वर काड्या-फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. पाऊस बेताचा, म्हणून सपाट छत चालतं. आणि ते सपाट आहे म्हणूनच त्यावर पापड, कुरडया, बिबडे, मिरच्या वाळतात. उन्हाळ्यात धाबं हे स्वयंपाकघराचाच वरचा मजला असतं. इमारतीच्या आराखड्यात हे कुणी लिहितं का?

खापराचं उदाहरण तर फार बोलकं आहे. आखाजीला आमरसाबरोबर जे मांडे होतात, त्यांना पोळपाट-लाटणं लागत नाही. पुरण भरलेला गोळा हातांवर झेलत, फिरवत कोपरापर्यंत पसरायचा आणि उपड्या, तापलेल्या खापरावर टाकायचा. कुंभाराने दिलेल्या गोलाईवर मांड्याचा आकार ठरतो. खापर बसायला चुलीचं तोंड रुंद लागतं, खाली लाकडाचा जाळ, बाईला हात फिरवायला मोकळी जागा, धुराला छतात वाट. यातलं एक काढा, बाकीचं कोलमडतं. स्लॅबच्या घरात गॅसच्या शेगडीवर खापर बसत नाही हो! मग मांडा विकतचा येतो. तो वाईट असतो असं नाही, पण घराशी त्याचा संबंध संपलेला असतो.

हल्ली हॉटेलांत खान्देशी थाळीबरोबर कोरीव खांब उभे करतात. खांब बहुतेक कुठल्या तरी मोडलेल्या वाड्याचा, वाट्या स्टीलच्या, आणि शेवभाजी अर्थातच. आम्हाला चव आवडते. खांब मात्र तिथे काही उचलून धरत नाही.

श्रावणात कानबाईचे रोट होतात. घर सारवून-रंगवून नारळाची देवी दागिन्यांनी सजवतात, माणसांच्या नावाने मोजून गहू घेतात, आणि रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत. सुरतेला, पुण्याला गेलेली मंडळी त्यासाठी गावी येतात. जुन्या घराच्या वाटण्या झाल्या, धाबं पाडलं, की पहिला प्रश्न पडतो तो देवी कोणाच्या खोलीत बसवायची आणि एवढी पंगत बसणार कुठे, हा. घरांची मोजमापं घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचं एवढंच सांगणं आहे: दाराची नक्षी टिपलीत, छान, आता चुलीचं तोंडही मोजा, आणि त्या घरातल्या आजीला विचारा की पंगतीचं पहिलं पान कुठे मांडायचे.