वाघ, बोंडअळी आणि चंद्र : पडद्यावरच्या हलत्या चित्रावर किती विश्वास ठेवावा?

तिवस्यात बोलायला उभं राहायचं म्हणजे आमच्यावर थोडं दडपण असतं. गुरुकुंज मोझरी इथून जवळच. ज्या मुलखानं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकली, तिथे आम्ही पडदा न लावता, प्रोजेक्टर न आणता नुसतं बोलणार, आणि विषय घेतला आहे संगणकीय ॲनिमेशनचा. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, हे आम्हाला विचारू नका. आमचा प्रश्न जुनाच आहे : समोर जे दिसतं, त्यावर विश्वास कधी ठेवावा?

मघाशी चहा घेताना एका दादांनी विचारलं, "सर, थ्या 'लाइफ ऑफ पाय' मंदला वाघ खरा व्हता का?" आम्ही म्हटलं, हा प्रश्न व्यासपीठावरच घेऊ. कारण आजचं सगळं व्याख्यान त्या एका प्रश्नात आहे.

आधी हे तंत्र चालतं कसं, ते थोडक्यात पाहू. सिनेमात साधारणपणे एका सेकंदाला 24 चित्रं डोळ्यांपुढून जातात. पूर्वी ती हातानं काढावी लागत. मुख्य चित्रकार हालचालीतल्या महत्त्वाच्या अवस्था काढायचा : हात खाली, हात वर. मधली चित्रं त्याचे सहायक भरायचे. संगणक आल्यावर मधलं भरण्याचं बरंचसं काम यंत्राकडे गेलं. माणूस सांगतो, चेंडू इथून निघाला आणि तिथे पोचला. मधला रस्ता यंत्र गणितानं भरून काढतं. हे नीट लक्षात ठेवा. मधला रस्ता कोणी पाहिलेला नसतो, तो काढलेला असतो. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर ॲनिमेशन हे अनुमान आहे. पण ते कपडे घालतं प्रत्यक्षाचे. त्याची सगळी गंमत यात आहे आणि सगळा धोकाही यातच आहे.

ही कला आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली पडद्यावर आणला. त्याच्या आधी त्यांनी एक छोटी फिल्म केली होती, 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा लावला आणि कॅमेऱ्यापुढे ठेवून रोज थोडंथोडं टिपत महिनाभर धीर धरला. पडद्यावर तो वेल पाहता पाहता वाढला आणि ते पाहून भांडवल देणाऱ्याचा फाळक्यांवर भरवसा बसला. पुढे त्यांनी आगकाड्या हलवूनही फिल्म केली. 'प्रभात'नं 1934 साली 'जंबू काका' हा कार्टूनपट काढला. आता वाटाणा आणि आगकाडी यांतला फरक पाहा. दोन्ही पडद्यावर हलतात. पण वाटाणा खरोखर वाढला होता, फाळक्यांनी फक्त वेळ आवळला. आगकाडी स्वतःहून कधीच हलली नव्हती. एकच हात, एकच कॅमेरा, पण एक चित्र साक्ष देतं आणि दुसरं खेळ करतं. खेळ वाईट नाही. खेळाला साक्ष समजणं वाईट.

आता वाघाकडे येऊ. 2012 सालच्या 'लाइफ ऑफ पाय' मध्ये काही दृश्यांत खरे वाघ आहेत, पण बहुतेक ठिकाणी दिसतो तो संगणकात घडवलेला. आधी हाडांचा सांगाडा, त्यावर स्नायू, त्यावर कातडी, त्यावर केस. केस ओले झाले की कसे चिकटतील, श्वास घेताना बरगडी कशी उचलेल, पंजा टाकला की नावेवर भार कसा पडेल, हे सगळं खऱ्या वाघांचं निरीक्षण करून बसवलेलं. आमच्या मते या चित्रपटाचं मोठेपण वाघ हुबेहूब दिसतो एवढ्यात नाही. तो वाघच राहतो, यात आहे. तो माणसासारखा हसत नाही, मैत्री करत नाही. शेवटी किनाऱ्यावर उतरतो आणि मागे वळूनही न पाहता जंगलात निघून जातो. 2019 सालचा नवा 'लायन किंग' याच ठिकाणी घसरतो. तिथले सिंह इतके खरे केले की त्यांच्या चेहऱ्यावर दुःख उमटेना. आणि तरी ते बोलतात, गातात. धड सिंह नाहीत, धड पात्रं नाहीत.

नवव्या शतकाच्या सुमारास श्रीशंकुक नावाचा एक विचारवंत होऊन गेला. त्याचं मत आपल्याला अभिनवगुप्तामुळे कळतं. नाटकातला राम पाहताना आपल्याला काय होतं, हे सांगायला त्यानं दाखला दिला चित्रातल्या घोड्याचा. चित्रातला घोडा पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो. ते ज्ञान खरं म्हणता येत नाही, खोटंही म्हणता येत नाही. हा घोडा असेल की नसेल, असा संशयही आपल्याला नसतो. आणि हा घोड्यासारखा आहे, असंही आपण म्हणत नाही. हे निराळंच ज्ञान आहे, आणि कलेचा आनंद तिथे मिळतो. त्या नावेतला वाघ हा असा चित्रातला घोडा आहे. तेव्हा दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : वाघ खरा नव्हता, पण तुम्ही फसलाही नाहीत. तुम्ही तिकीट काढून, ठरवून पाहायला गेला होता.

एक तक्रार मात्र नोंदवतो. त्यातला समुद्र फार सुंदर आहे. रात्रीचं पाणी असं चकाकतं की भुकेलेल्या पोराची भूक कॅलेंडरवरच्या चित्रात विरून जाते. उलट, तोच वाघ जेव्हा खंगतो, कातडी हाडांवर लोंबायला लागते, तेव्हा संगणकाचं काम मोलाचं ठरतं. कारण जिवंत जनावराला सिनेमासाठी असं उपाशी ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. दुसरी गोष्ट त्याहून कडू आहे. तो वाघ घडवणाऱ्या 'रिदम अँड ह्यूज' या कंपनीचे स्टुडिओ मुंबईत आणि हैदराबादेतही होते. 2013 च्या फेब्रुवारीत कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्या वाघाला ऑस्कर मिळालं. आत बक्षीस वाटलं जात होतं आणि बाहेर रस्त्यावर याच धंद्यातले कामगार निदर्शनं करत होते. पडद्यावर इतकं सफाईदार काही दिसलं की त्यामागच्या माणसांच्या रात्री दिसत नाहीत. गुळगुळीतपणा ज्या गोष्टी झाकतो, त्यांतली ही पहिली.

आता सिनेमागृहातून बाहेर येऊ. कारण ॲनिमेशन आता तिकिटाच्या खिडकीपाशी थांबलेलं नाही. ते दवाखान्यात आहे, शेतात आहे, बिल्डरच्या ऑफिसात आहे. अमरावतीत फ्लॅट घ्यायला जा. संगणकावर तुम्हाला अख्खी इमारत फिरवून दाखवतात. झाडं हिरवीगार, पोरं सायकलवर, आणि मे महिन्यातला पाण्याचा टँकर कुठेच नाही! (हशा)

आम्हाला मागे हृदयाचा त्रास झाला. डॉक्टरांनी टॅबवर एक ॲनिमेशन दाखवलं. लालभडक नळी, त्यात पिवळा अडथळा, बारीक तार आत जाते, फुगा फुगतो, जाळी बसते, रक्त वाहायला लागतं. सगळं वीस सेकंदांत. आमची भीती निम्मी झाली. मग त्यांनीच स्क्रीन बदलून आमची अँजिओग्राफी लावली. करडी, धूसर, थरथरती. म्हणाले, "सर, ते समजण्यासाठी होतं. हे तुमचं आहे. निर्णय यावर घ्यायचा." आम्ही त्या डॉक्टरांना मनात नमस्कार केला. ॲनिमेशन त्यांनी वापरलं, पण त्याची हद्दही लगेच सांगितली. चाळीस वर्षं वर्गात आम्ही जे सांगत आलो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

शेतात मात्र ही हद्द कोणी सांगत नाही. कापूस हा तुमच्या-आमच्या घरातला विषय आहे. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते. बाहेरून बोंड चांगलं दिसतं, फोडल्यावर घात कळतो. अशा ठिकाणी ॲनिमेशनसारखं शिकवण्याचं साधन दुसरं नाही. बोंड कापून आतली अळी दाखवता येते, डोमकळी कशी ओळखायची ते दाखवता येतं, कामगंध सापळा का लावायचा ते दोन मिनिटांत पोराटोरांनाही कळतं. पण याच तंत्रानं जाहिरातही होते. फवारा उडाला, अळी उलटी पडली, शेत चमकलं. मंडळी, जाहिरातीतली अळी कधीच दाद न देता जगत नाही. शेतातली अळी जगते. बीटी बियाण्याच्या विषाला ती सरावली आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कापसाचं काय झालं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. ॲनिमेशनमधला फवारणारा कधी खोकत नाही. वारा त्याच्याकडे वळत नाही. तिथे शंकुकाचा घोडा चालत नाही, कारण तो शेतकरी तिकीट काढून खेळ पाहायला बसलेला नसतो. तो त्या चित्रावर खत, बी, औषधाचा पैसा लावतो आणि कधी जीवही लावतो.

मग खरं कसं ओळखायचं? आम्ही एक खूण सांगतो, आणि त्यासाठी तुम्हाला चंद्रावर नेतो. 2019 च्या सप्टेंबरात चांद्रयान-2 उतरणार होतं. त्याआधी कित्येक दिवस टीव्हीवर ॲनिमेशन चालू होतं, आणि त्यात 'विक्रम' रोज अलगद उतरायचा. 7 सप्टेंबरच्या रात्री नियंत्रण कक्षात मात्र एक साधा आलेख होता. यानाकडून येणाऱ्या माहितीवर एक हिरवा ठिपका सरकत होता. तो ठरलेल्या रेषेवरून ढळला आणि थांबला. संपर्क तुटला. रोज सुखरूप उतरणाऱ्या त्या देखण्या चित्रापेक्षा हा थांबलेला ठिपका खरा होता.

मग 23 ऑगस्ट 2023 ची संध्याकाळ आली. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-3 उतरलं. शाळाशाळांतून पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी पडद्यावर पाहिलं तेही ॲनिमेशनच होतं; शेजारी उभं राहून चित्रण करायला तिथे कोण होतं? पण हे ॲनिमेशन यानाकडून येणाऱ्या आकड्यांवर चाललं होतं. आकडे बिघडले असते, तर चित्रही बिघडलं असतं. म्हणून त्या टाळ्या फुकट गेल्या नाहीत.

कार्ल पॉपर विज्ञानाबद्दल म्हणत असे की जे विधान कोणत्याही परिस्थितीत खोटं ठरूच शकत नाही, ते वैज्ञानिक विधान नव्हे. आम्ही हेच चित्राला लावतो. ज्या चित्राला चुकण्याची, थांबण्याची सोय ठेवलेली आहे, त्यालाच साक्षीला बोलवावं. बाकीची चित्रं समजावून सांगायला, रमवायला चांगली. आपल्या दंडारीत पोरगा लुगडं नेसून येतो, आपण हसतो, रडतो. पण दुसऱ्या दिवशी त्याच्याशी सोयरीक करायला जात नाही!

इथे ॲनिमेशन शिकणारी काही मुलंमुली बसली आहेत. तुम्हाला वाटेल, हा म्हातारा आमच्या धंद्यालाच नावं ठेवतो. तसं नाही, बाळांनो. 1973 साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता. तिथे झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात कधी वाघाची नुसती कूस येते, कधी अर्धी शेपटी. चित्र अंधुक असतं, पण पट्ट्यांवरून तो नेमका कोणता वाघ ते ओळखतात. असे फोटो समोर ठेवून वाघ काढा. अळी काढायची असेल तर आधी दहा बोंडं फोडा. फाळके एका वाटाण्यापुढे महिनाभर बसले होते. आणि डॉक्टरांसाठी, शेतकऱ्यांसाठी काही कराल, तेव्हा चित्राच्या खाली एक ओळ लिहा : यातलं पाहिलेलं किती आणि भरलेलं किती. गिऱ्हाईक कदाचित ती ओळ काढ म्हणेल. तुमची खरी परीक्षा त्या वेळी आहे, आणि त्यात तुम्हाला कोणाची साथ मिळेल असं आश्वासन आम्ही देऊ शकत नाही.

आम्ही इथे थांबतो. मघाचे दादा हात वर करून बसलेत, त्यांचा पुढचा प्रश्न घेऊ या.