रहस्यकथेतील चित्र : सजावट की पुरावा?

गिरगावात चष्म्याचे दुकान चालविणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड या नायकांनी कित्येक मराठी मुलांना वाचनाची गोडी लावली, हे ऋण आम्हाला मान्य आहे. मात्र या कथांतील उलगडा बहुधा वेषांतराने आणि नायकाच्या धाडसाने होतो. वाचकाने थक्क व्हायचे, एवढेच. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे मुलांना अधिक जवळचा. तो चौकस आहे, चुणचुणीत आहे. पण तेथेही तर्कापेक्षा धावपळ वरचढ ठरते.

कुमारांच्या रहस्यकथेत नायकाला जे दिसते ते सारे उलगड्याआधी वाचकालाही दिसले पाहिजे, असे आम्हाला वाटते. येथे चित्रे कामी येतील. आज ती बहुधा पाठलाग आणि झटापटीपुरती असतात. चित्र हाच पुरावा का नसावा? समजा, लालबागच्या एका चाळीची गॅलरी पश्चिमेला उघडते, हे पहिल्या प्रकरणात आले. पुढे संशयित सांगतो, "त्या गॅलरीतला हा फोटो सकाळी आठला काढला." शेजारच्या चित्रातल्या फोटोत मात्र गॅलरीभर ऊन पसरलेले! सूर्य पूर्वेला असताना ते आले कोठून?

अशी कथा शेवटाकडून रचावी लागते : आधी सत्य, मग त्याच्या खुणा, नंतर त्या झाकणारा पसारा. शिक्षकांनी वर्गात शेवटचे प्रकरण बाजूला ठेवून मुलांना आपला तर्क पुराव्यासह लिहायला सांगावा. उत्तर चुकले तरी बिघडत नाही. पुराव्यावाचून मानलेले बरोबर उत्तर मात्र विज्ञानाच्या तासाला चालत नाही.