फौजेच्या उपमेत न मावणारी पेशी

रोगप्रतिकार शिकवताना शरीर म्हणजे किल्ला, जंतू म्हणजे शत्रू आणि पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई, ही उपमा सर्रास वापरली जाते. मुलांना ती आवडते, आणि लढाईच्या वर्णनापुरती ती वाईटही नाही. आमची तक्रार वेगळी आहे. लढाई नसेल तेव्हा शिपाई आपोआप जिवंत असतो, असे ही उपमा गृहीत धरते. टी-पेशींच्या बाबतीत नेमके हेच खरे नाही.

टी-पेशींचे पूर्वज अस्थिमज्जेतून थायमस ग्रंथीत येतात. तेथे वाढताना त्यांना इंटरल्यूकिन-७ हे प्रथिन मिळावे लागते. त्या ते स्वतः बनवत नाहीत; आसपासच्या आधारपेशी ते पुरवतात. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक प्रथिनाला ते जोडले गेले की आतल्या बाजूची ‘जॅक’ नावाची विकरे कामाला लागतात. त्यांनी फॉस्फेट जोडलेले ‘स्टॅट-५’ हे प्रथिन केंद्रकात जाते आणि ठरावीक जनुके चालू करते. या संदेशामुळे पेशीत ‘बीसीएल-२’ हे प्रथिन टिकून राहते. पेशीला आत्मनाशापासून रोखणे हे त्याचे काम. संदेश थांबला की पेशी स्वतःच स्वतःला संपवते. त्यासाठी शत्रू लागत नाही.

पण हा संदेश वाढीसाठी असतो की जगण्यासाठी? १९९७ साली याचे सुरेख उत्तर मिळाले. इंटरल्यूकिन-७चा ग्राहक नसलेल्या उंदरांत टी-पेशी फारच थोड्या असतात. अशा उंदरांना बीसीएल-२चे जादा जनुक दिल्यावर टी-पेशी बऱ्याच प्रमाणात परत आल्या. (बी-पेशींचे मात्र तेवढ्याने भागले नाही.)

१९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यात जन्मलेल्या डेव्हिड व्हेटर या मुलाला निर्जंतुक प्लास्टिकच्या कक्षात वाढवावे लागले. १९८४ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, तो वारला. त्याचे शिपाई दुबळे होते, असे किल्ल्याची गोष्ट ऐकलेला विद्यार्थी म्हणेल. पण या विकारात टी-पेशी जवळजवळ तयारच होत नाहीत. १९९३ साली सदोष जनुक सापडले ते इंटरल्यूकिन-२च्या ग्राहकाचा एक घटक बनवणारे. मग कोडे पडले, कारण इंटरल्यूकिन-२ अजिबात नसलेल्या उंदरांत टी-पेशी तयार होतात, हे १९९१ मध्येच दिसले होते. उलगडा असा झाला की तोच घटक इंटरल्यूकिन-७च्या आणि आणखी काही ग्राहकांतही असतो. घाईने ठेवलेले नाव किती दिशाभूल करते, पाहा!

उपमाच हवी असेल तर आम्ही पंगतीची सुचवू. इंटरल्यूकिन-७चा पुरवठा मर्यादित असतो. ज्या टी-पेशीला संदेश मिळाला, ती आपल्या पृष्ठभागावरील त्याचे ग्राहक कमी करते. जेवून झालेल्याने पानावरून उठावे तसे. त्यामुळे इतरांची सोय होते आणि पेशींची संख्या आटोक्यात राहते. फौजेच्या गोष्टीत या मर्यादेला जागाच नाही. तेथे शिपाई जितके जास्त तितके बरे, आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्या जाहिराती याच समजुतीवर चालतात. २०११ साली टी-पेशींचा रक्ताचा कर्करोग झालेल्या काही रुग्णांत याच ग्राहकाच्या जनुकात बदल आढळले. त्यांच्या पेशींत ग्राहक इंटरल्यूकिन-७ नसतानाही चालूच राहत होता.